अडलेली लेखणी

संपादकांचे पत्र आले की पूर्वी मला आनंद होत असे. मधली चार वर्षे मात्र त्या पत्राची मला भीती वाटू लागली होती. पत्रातील मजकूर नेहमीचाच असे. अंक अमुक तारखेस छापावयास जावयाचा आहे, तरी आपला लेख वेळेवर धाडावा, मराठीत किंवा कोकणीत, जसे मनास येईल तसे. ते पत्र वाचून मी घडी करीत असे, टेबलावरील शब्दकोशाखाली ठेवीत असे, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शब्दकोशास हात लावीत नसे. अशी सात-आठ पत्रे तेथे साठली, तेव्हा शब्दकोश एका बाजूने कलू लागला. वाचकहो, ज्याने आयुष्यभर मुलांना निबंध लिहावयास शिकविले त्या मराठीच्या मास्तराची ही अवस्था! ती सांगण्यात भूषण नाही. तथापि ज्यांची लेखणी अशीच कोठे अडून बसली असेल, त्यांस माझ्या हकिकतीचा काही उपयोग झाला तर पाहावा, म्हणून ती लिहीत आहे.

आमचे घर हैदराबादेतील मलकपेठेत. कुतुबशाहीतील मलिक याकूब नावाच्या एका सेवकावरून या वस्तीस हे नाव पडले असे सांगतात. घर तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवर गेले की घोड्यांच्या शर्यतीचे मैदान दिसते. सहाव्या निजामाच्या कारकीर्दीत, १८८६ साली, शर्यती या मैदानावर आल्या. एका अंगास रेल्वेचे छोटे स्टेशन, दुसऱ्या अंगास गंज. त्या गंजात महाराष्ट्रातून कांद्याच्या गाड्या येतात. एखाद्या चालकाची खणखणीत मराठी कानी पडली की मी पिशवी हातात घेऊन उगीच पाच मिनिटे रेंगाळतो. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी वेंगुर्ल्याहून इकडे आले. घरात कोकणी, शाळेत मराठी, गल्लीत दखनी उर्दू आणि बाजारात तेलुगू, अशा चार बोलींत आम्ही भावंडे वाढलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्या सुमारास ओळखीची कितीतरी मराठी बिऱ्हाडे इथून हलली, आम्ही राहिलो. जे राहिले त्यांना मराठीत लिहिणे हे आपले घर झाडून ठेवण्यासारखे वाटे. आल्यागेल्याला कळावे, येथे अजून कोणी राहते!

लिहिलेले प्रत्येक पान मी प्रथम पत्नीस वाचून दाखवीत असे. ती भाजी निवडता निवडता ऐके आणि जेथे तिचे हात थांबत तेथे वाक्य साधले, असे मी समजत असे. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री ती गेली. त्या रात्रीचा पाऊस हैदराबादकर विसरणार नाहीत. मुसीचे पाणी चढले, मुसारामबागेचा पूल पाण्याखाली गेला, मलकपेठच्या रेल्वेपुलाखाली गाड्या तरंगू लागल्या. तिच्या छातीत दुखू लागले होते आणि आम्हांस इस्पितळ गाठता आले नाही. भेटावयास येणाऱ्या प्रत्येकास मी हेच सांगितले की पाण्याने वाट अडविली. साथीचे दिवस असल्याने पुण्याची आमची लेक अंत्यदर्शनासही येऊ शकली नाही. तिलाही मी दूरध्वनीवरून हेच सांगितले.

त्यानंतर लेखणी थांबली. प्रारंभी मला त्याचे विशेष वाटले नाही. दुःख आहे, ओसरेल, असे मी धरून चाललो. वर्ष सरले, दुसरेही सरले. मग मी उपाय आरंभिले. नवे पेन घेतले. टेबल खिडकीपाशी हलविले, पुन्हा भिंतीपाशी आणले. पहाटे चारला उठून पाहिले, रात्री बारापर्यंत जागून पाहिले. मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तके आणून त्यांतील उतारे वहीत उतरविले. हैदराबादच्या मराठी माणसांवर एक मोठा ग्रंथ लिहावयाचा संकल्प सोडला आणि त्याची अनुक्रमणिका तीन वेळा तयार केली. तिन्ही सुबक झाल्या. पहिल्या प्रकरणाचे पहिले वाक्य मात्र एकदाही झाले नाही. कागद समोर घेतला की हात जड होई, घसा कोरडा पडे आणि काही तरी निमित्ताने मी उठे. टेबलाच्या खालच्या खणात एक अर्धवट लेख पडून होता. तो खण मी उघडीतच नसे.

मोठ्यांच्या चरित्रांत मी आधार शोधू लागलो. श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधातील व्यासांची कथा आपणांस ठाऊक आहेच. वेदांची व्यवस्था लावली, महाभारत रचून झाले, तरीही सरस्वतीच्या तीरावर बसलेल्या त्या महर्षींचे मन खिन्नच होते. काय उणे राहिले ते त्यांस उमगेना. तेव्हा नारद आले, आणि काय सांगावयाचे राहून गेले आहे ते त्यांनी व्यासांस दाखविले. आपल्या काळातले उदाहरण वि. स. खांडेकरांचे. शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षे मास्तरकी करीत कादंबरीमागून कादंबरी लिहिणारा हा माणूस; १९४२ साली त्यांची ‘क्रौंचवध’ प्रसिद्ध झाली आणि पुढची कादंबरी हाती येण्यास दशकाहून अधिक काळ लोटला. त्या मौनानंतर काही वर्षांनी, १९५९ मध्ये, ‘ययाति’ आली, आणि तिच्यासाठी त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

ही उदाहरणे खरी. पण मी त्यांचा वापर खोटा केला. खांडेकरांची दहा-अकरा वर्षे म्हणजे जणू मला मंजूर झालेली रजा, अशा हिशेबाने मी माझी वर्षे मोजू लागलो. व्यासांची कथा वाचतानाही नारद येतील तेव्हा येतील, असे म्हणून मी स्वस्थ बसलो. नारदांनी व्यासांस नेमके काय विचारले, इकडे माझे लक्षच गेले नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते. मूळचे कार्कळचे, ज्या गावच्या वेंकटरमण देवळास पडु-तिरुपती म्हणतात तेथले. आजी ऐंशीच्या पलीकडे गेलेल्या. सारा वाडा त्यांना पाच्ची म्हणतो, मीही तसेच म्हणतो. यजमानांचा उजवा हात अर्धांगाने गेलेला. पाच्चींची दृष्टी मोतीबिंदूच्या पलीकडच्या कुठल्याशा विकाराने दिवसेंदिवस मंदावत चाललेली. २०२४ च्या श्रावणात, पहिल्या शुक्रवारी, त्यांनी मला खाली बोलावून घेतले.

श्रावणातल्या शुक्रवार-रविवारच्या चूडीपूजेची ओळख आपल्या वाचक भगिनींस करून द्यावयास नको. इतरांसाठी दोन शब्द लिहितो. दूर्वा आणि निरनिराळी बारीक फुले-पाने यांची लहानशी जुडी केळीच्या वाखाने बांधावयाची, ती चूडी. तिने तुळशीची आणि उंबरठ्याची पूजा करावयाची, वडीलधाऱ्यांस ती देऊन नमस्कार करावयाचा, सुवासिनींनी केसांत माळावयाची. आणि जी माणसे दूर असतील त्यांना ती पाकिटातून, हळदकुंकू व अक्षतांसह, टपालाने पाठवावयाची. पाच्चींची थोरली बहीण मुंबईस माटुंग्याला असते. लग्न झाल्यापासून एकही श्रावण पाच्चींच्या चूडीवाचून तिने काढला नव्हता. मलकपेठेत ही फुले कोठून मिळणार? म्हणून पाच्चींनी ती सज्जातल्या कुंड्यांत वाढविली होती. यंदा चूडी बांधून तयार होती. बरोबरचे पत्र लिहिणारे कोणी नव्हते. बहिणीच्या घरी मुलेबाळे देवनागरी वाचणारी, तेव्हा मास्तरांनीच लिहावे, असे ठरले.

“हांव सांगतां, तूं बरय,” पाच्ची म्हणाल्या.

मी लिहू लागलो. कुंडीतल्या रोपांना यंदा कीड लागली. कांदा महागला. यजमानांची झोप कमी झाली आहे. वरच्या मजल्यावरचे मास्तर पत्र लिहीत आहेत, अक्षर चांगले आहे. असे अर्धे पान झाले. मग त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या (मी येथे मराठीत देतो): “अक्का, ही चूडी मी बोटांनी पाहून बांधली आहे. एखादे फूल उलटे लागले असेल तर हसू नकोस.” मी ते लिहिले आणि माझ्यातला लेखक जागा झाला. त्या वाक्यापुढे मी आपल्या पदरचे एक वाक्य घातले: डोळ्यांचा उजेड गेला तरी मायेचा उजेड बोटांत उतरतो, अशा अर्थाचे. पत्र वाचून दाखवू लागलो. त्या वाक्यापाशी पाच्चींनी हात वर केला.

“हें हांवें सांगूंक ना.”

हे मी सांगितलेले नाही! आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याने नको असलेली जुडी पिशवीत टाकावी आणि आपण ती परत काढून द्यावी, इतक्या सहजपणे त्यांनी ते वाक्य मला परत केले. मी ते खोडले. खोडल्यावर लक्षात आले की त्यांचे साधे वाक्य आता अधिक स्पष्ट ऐकू येते. माझे वाक्य त्याच्या तोंडावर हात ठेवून उभे होते.

वर आल्यावर मला महाभारताच्या लेखनाची कथा आठवली. लेखणी थांबू देणार नसाल तर लिहीन, ही गणपतीची अट. आणि अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहू नये, ही व्यासांची उलट अट. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीने ही कथा मूळ संहितेत घेतली नाही. लोकांच्या मनाने मात्र ती कायमची ठेवून घेतली. विद्येचा अधिपती असलेल्या देवास आपण कवीचे नव्हे, लेखनिकाचे काम दिले, ही गोष्ट मला त्या रात्री प्रथमच जाणवली. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितली गेली. तिच्या अखेरीस ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा आदराने उल्लेख आहे. खुद्द खांडेकरांची दृष्टी अधू असल्याने उत्तरायुष्यात ते सांगत आणि लेखनिक लिहून घेई. लेखनिकास स्फूर्तीची वाट पाहता येत नाही. समोरचा सांगतो, त्याने लिहावयाचे. आणि जे सांगितलेले नाही ते लिहावयाचे नाही. देवळातला पुजारी पहाटे उठून निर्माल्य काढतो, तेव्हा आज आपल्या मनात भक्ती दाटली आहे काय, असे विचारीत बसत नाही. नित्यकर्म म्हणतात ते हेच.

श्रावणाचे चार शुक्रवार मी पाच्चींची पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्रात खोडण्यासारखे एक वाक्य निघाले, तिसऱ्यात एकही नाही. हाताचा जडपणा पुष्कळ ओसरला होता. माटुंग्याहून उत्तर आले ते मीच वाचून दाखविले. अक्कांनी नातवाकडून लिहविले होते की एक फूल खरोखरच उलटे होते, आणि तीच चूडी त्यांनी तुळशीपाशी पहिली ठेवली. पाच्ची किती तरी वेळ हसत होत्या.

चौथे पत्र पाकिटात घालून झाल्यावर त्यांनी मला विचारले, “पुता, तुगेलें पत्र कोण बरयता?”

तुझे पत्र कोण लिहिते? मी म्हणालो, मला कोणास पत्र लिहावयाचे नाही. त्या म्हणाल्या, “लेकीला?” लेकीशी दर रविवारी दूरध्वनीवर बोलतो, असे मी सांगितले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मंद डोळ्यांचे माझ्याकडे न पाहता माझ्या दिशेने वळलेले असणे मला सोसवेना. मी उठून वर आलो.

नारदांनी व्यासांस जे दाखविले ते हेच नव्हे काय? विषयांचा तोटा व्यासांस कधीच नव्हता. एक गोष्ट सांगावयाची राहून गेली होती.

त्या रात्री मी टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात तो अर्धवट लेख होता: चौदा पाने, आणि पंधराव्या पानावर चार ओळी. २०२० च्या दिवाळी अंकासाठी तो मी १३ ऑक्टोबर रोजी लिहीत होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास पत्नी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, छातीत जडजड वाटते आहे, डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? मी मान वर न करता म्हणालो, “दोनच पाने राहिली आहेत, तेवढी संपवितो, पाऊसही जरा थांबेल.” ती ‘बरे’ म्हणाली आणि आत जाऊन पडली. मी लिहीत राहिलो. साडेसात वाजता उठलो तेव्हा ती घामाने भिजली होती आणि रेल्वेपुलाखाली कमरेइतके पाणी होते.

पाण्याने वाट अडविली हे खोटे नाही. परंतु पाच वाजता वाट मोकळी होती. हे मी कोणास सांगितले नव्हते. पावसाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की ती सांगताना माझा आवाजही अडखळेनासा झाला होता. आणि कागद पुढे घेतला की लेखणी मात्र अडखळे. मी तिला आळशी म्हणत होतो, रुसलेली म्हणत होतो. वास्तविक ती एकटीच प्रामाणिक राहिली होती. त्या अडीच तासांवरून उडी मारून पुढे जावयास ती तयार नव्हती.

मी लेकीस पत्र लिहावयास बसलो. सांगणारा मी आणि लिहिणाराही मीच, असे करून पाहिले. मधूनमधून एखादे वाक्य सुंदर होऊ लागे. नियतीचा, काळाचा, मुसी नदीचा उल्लेख येई. तेव्हा पाच्चींचा वर झालेला हात मला दिसे आणि मी ते खोडी. पाच वाजता तुझी आई काय म्हणाली, मी काय म्हणालो, साडेसात वाजता काय झाले, एवढेच उरले. पत्र अकरा पानांचे झाले. सकाळी ते टपालात टाकून आलो. परत येताना पाय इतके थरथरत होते की स्टेशनच्या बाकावर बसावे लागले.

दहा दिवस उत्तर आले नाही. त्या काळातील रविवारी तिचा दूरध्वनीही आला नाही. अकराव्या दिवशी पत्र आले. त्यातील मजकूर तिच्या संमतीने देतो: “बाबा, मला राग आला आहे आणि तो काही दिवस राहील. आईने त्या दिवशी संध्याकाळी मला फोन केला होता. तुझे बाबा लिहीत आहेत, एवढेच ती म्हणाली. मी चार वर्षे विचार करीत होते की तिला बरे वाटत नव्हते तर ती मला तसे का बोलली नाही. आता कळले. तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत. पुढचे पत्र लिहा.”

क्षमेचा शब्द त्यात नव्हता आणि मी तो मागितलाही नव्हता. परंतु ‘पुढचे पत्र लिहा’ हे तीन शब्दांचे संपादकीय पत्र असते तर मी शब्दकोशाखाली ठेवले असते. हे ठेवता येण्यासारखे नव्हते. तेव्हापासून दर शुक्रवारी मी तिला लिहितो. तिच्या आईविषयी लिहितो, वेंगुर्ल्याच्या तिच्या आजीविषयी लिहितो, पूर्वीच्या मलकपेठेविषयी लिहितो. ती कधी उत्तर देते, कधी देत नाही. दिवाळीस चार दिवस येऊन गेली. स्वयंपाकघरात आईच्या जागी बसून भाजी निवडीत होती. मी जवळ बसलो होतो, आम्ही फारसे बोललो नाही.

अडलेल्या लेखणीस काय औषध, असे मला आता कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन. नवे पेन आणि नवा ग्रंथ यांच्या नादी लागू नये. प्रथम दुसऱ्या कोणाचे तरी लिहून द्यावे. आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक देवळाच्या ओसरीवर, ज्यांना सांगावयाचे आहे पण ज्यांचे डोळे वा हात चालत नाहीत अशी माणसे बसलेली असतात. त्यांचे पत्र लिहिताना हात चालू लागतो आणि खोटे गळू लागते. मग आपण कोणाचे काय देणे लागतो ते पाहावे. लेखणी विषयावाचून अडत नाही. जे सांगितल्यावाचून आपण पुढे निघालो, त्यापाशी ती थांबलेली असते. ते देणे ज्याचे त्यास, एकट्यास, लिहून द्यावे. छापणे-बिपणे त्याच्यामागून आपोआप येते. न आले तरी बिघडत नाही.

हल्ली मी पहाटे गच्चीवर जातो. मैदानावर धुके असते. काही घोडी भरधाव सुटलेली असतात. पण एखादे आजारातून उठलेले जनावर असते, त्यास मोतद्दार लगाम धरून पायी पायी फिरवीत असतो. कोणी घाई करीत नाही. फेरी पुरी झाली की दोघे तबेल्याकडे वळतात. मी खाली येतो आणि लिहावयास बसतो.

शब्दकोशाखालची पत्रे काढून मी संपादकांस उत्तर धाडले. हा लेख त्यांच्याकडे पाठविण्यापूर्वी लेकीस पाठविला; तिने छापण्यास हरकत नाही असे कळविले. नंतर तो पाच्चींना वाचून दाखविला. दोन ठिकाणी त्यांनी हात वर केला. ती दोन्ही वाक्ये काढून टाकली आहेत.